मंडळी माझी, मुलगीही माझी. मत कुणाला देऊ?

पत्र

आदरणीय बाई, सप्रेम सलाम.

मी मूळची मिरजेची. तिथल्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकले आणि 2004 साली ह्यूस्टनला आले. गेली बारा वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करते. मागच्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली. 3 नोव्हेंबर 2026 ला मी अमेरिकेत पहिल्यांदा मत देणार आहे. आनंद व्हायला हवा, पण झोप उडाली आहे.

आमच्या चर्चमध्ये, म्हणजे आमच्या मंडळीत, बहुतेक गोरी कुटुंबं आहेत. माणसं प्रेमळ आहेत. मिस्टरांच्या बायपासच्या वेळी तीन आठवडे आमच्याकडे रोज कुणी ना कुणी जेवण आणून दिलं. पण हल्ली पाळक (चर्चचे धर्मगुरू) उपदेशात सांगतात की ख्रिस्ती माणसापुढे एकच पक्ष आहे, रिपब्लिकन, दुसरीकडे मत देणाऱ्याला गर्भातल्या बाळांच्या रक्ताचा हिशेब द्यावा लागेल. माझी मुलगी ऑस्टिनला शिकते. ती म्हणते, त्या पक्षाला मत दिलंस तर तू येशूला ओळखतच नाहीस, सामाजिक न्याय हीच सुवार्ता. तिनं चर्च सोडलं आहे आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी येणार नाही म्हणते. माझे दीर म्हणतात, सामाजिक न्याय म्हणजे चर्चमध्ये शिरलेला कम्युनिझम.

आमच्या वॉर्डात सफाईला होंडुरासची एक बाई आहे. ती आमच्याच चर्चच्या स्पॅनिश उपासनेला यायची. स्थलांतरितांच्या धरपकडीच्या भीतीनं आता येत नाही. तिनं तिच्या घराची किल्ली माझ्याकडे दिली आहे. मुलगा शाळेतून आला आणि आपण परतलोच नाही तर, म्हणून. चर्चमध्ये तिच्यासाठी एकदाही प्रार्थना झालेली नाही.

मत कुणाला देऊ? चुकलं तर पाप लागेल का? हे चर्च सोडू का? आणि मुलीचं काय करू?

— एक परिचारिका, ह्यूस्टन


उत्तर

प्रिय ताई, सप्रेम सलाम.

मत कुणाला द्यायचं ते मी सांगणार नाही. मी नगरला बसले आहे, तुमच्या मताचं बरंवाईट मला भोगायचं नाही. शिवाय ज्या गोष्टीचा जाब देव तुम्हालाच विचारणार, ती तुमच्या हातातून काढून घेण्याचा अधिकार मला नाही. तो तुमच्या पाळकांनाही नाही, आणि मुलीलाही नाही. पण तुमचे बाकीचे प्रश्न मला टाळायचे नाहीत.

पापाचं आधी. मत म्हणजे विश्वासाची कबुली नव्हे. बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्ही जे कबूल केलंत ते कुठल्याही मतपत्रिकेवर छापलेलं नसतं. प्रभूंच्या काळच्या माणसांना मत नव्हतंच. कैसराचं, म्हणजे रोमी सम्राटाचं, ऐकायचं किंवा त्याच्या हातून सोसायचं, एवढंच त्यांच्या हाती होतं. तुमची गोष्ट वेगळी आहे. शपथ घेतलीत त्या दिवशी कैसराच्या सत्तेचा एक लहानसा तुकडा तुमच्याकडे आला. तो स्वतःच्या तारणासाठी वापरायचा नसतो, ते काम वधस्तंभावर झालेलं आहे. तो शेजाऱ्यासाठी वापरायचा असतो. म्हणून मत देताना 'मी शुद्ध राहीन ना?' या प्रश्नानं सुरुवात करू नका. 'याचा भार कुणावर पडेल?' असं विचारा. यिर्मया संदेष्ट्याच्या 29 व्या अध्यायात बाबेलला नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे: घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात आलात त्याचं भलं पाहा, कारण त्याच्या कल्याणात तुमचं कल्याण आहे. मिरजेहून ह्यूस्टनला गेलेल्या बाईला याहून जवळचं पत्र संपूर्ण शास्त्रात मला दिसत नाही.

भार पाहूनही चूक होऊ शकते. निवडून दिलेला माणूस फिरतो, वचनं मोडतो. प्रामाणिकपणे विचार करून दिलेलं मत चुकीचं निघालं तर त्याचं दुःख होतं, पण त्याला पाप म्हणत नाहीत. शेजारी डोळ्यांसमोर असताना त्याच्याकडे न पाहता दिलेलं मत, मग ते कुठल्याही पक्षाला असो, मला जास्त काळजीचं वाटतं.

आता दिरांचं म्हणणं. त्यांना माझा सलाम सांगा, आणि हेही सांगा की 'सामाजिक न्याय' हा शब्दप्रयोग 1840 च्या दशकात लुईजी तापारेली नावाच्या इटालियन जेझुइट धर्मगुरूंनी रूढ केला. कम्युनिस्टांचा जाहीरनामा 1848 चा. म्हणजे हा शब्द आधी चर्चच्या घरातच वावरला आहे. आणि कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी. आपल्या मराठी शास्त्रात 'नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले' धन्य आहेत. नीतिमत्त्व म्हटलं की आपल्याला दारू न पिणं, खोटं न बोलणं आठवतं. मूळ ग्रीक शब्दात मात्र न्यायही आहे. आमोस संदेष्ट्याला बाजारातलं खोटं माप आणि वेशीवर गरिबाचा बुडवलेला न्याय दिसत होता. मीखा संदेष्टा न्यायानं वागण्याला दयेच्या आणि देवासमोर नम्रपणे चालण्याच्या शेजारी बसवतो, तिघांना वेगळं करत नाही.

माझ्या घरात तर हे शिकवावं लागलं नाही. माझे पणजोबा महार समाजातले, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. मिशनच्या शाळेत ते पहिल्यांदा इतर मुलांबरोबर आत, एका सतरंजीवर बसले. आत्म्याचं तारण आणि माणूस म्हणून मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांना ते कळलंच नसतं. आणि धर्म आणि न्याय यांच्यात सरकार भिंत घालतं तेव्हा काय होतं तेही आम्ही जाणतो. 1950 च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती आजही नाहीत.

ही शाळा काढणारं अमेरिकन बोर्ड होतं, अमेरिकेतली एक मिशनरी संस्था. 1813 मध्ये त्यांचे लोक मुंबईत उतरले, 1831 मध्ये नगरला आले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण याच बोर्डाला 1840 च्या दशकात त्यांच्याच देशातले ख्रिस्ती विचारत होते: गुलाम बाळगणाऱ्यांच्या देणग्या तुम्ही कशा घेता? चेरोकी आणि चोक्टॉ या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांमधल्या तुमच्या मंडळ्यांमध्ये गुलामांचे मालक सभासद कसे? बोर्डानं सावध, गुळमुळीत उत्तरं दिली. चिडलेल्यांनी 1846 मध्ये वेगळी संस्था काढली, अमेरिकन मिशनरी असोसिएशन. म्हणजे माझ्या पणजोबांना सतरंजीवर जागा देणारे हात तिकडे गुलामगिरीवर बोलायला कचरत होते. माझ्या बाजूची, भली, प्रार्थना करणारी माणसंसुद्धा आंधळी असू शकतात हे मला त्यातून कळलं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या लोकांना चर्चमध्ये काय काय ऐकून घ्यावं लागलं होतं ते आज आपण विसरलो आहोत.

तुमच्या पाळकांकडे वळते. 'ख्रिस्ती माणसापुढे एकच पक्ष' हे वाक्य त्यांनी उच्चारायला नको होतं. 1954 पासून अमेरिकेत करमाफी असलेल्या संस्थांना, त्यात चर्चही आली, उमेदवाराचा प्रचार करायला बंदी आहे. जुलै 2025 मध्ये कर खात्यानंच न्यायालयात सांगितलं की उपासनेत आपल्याच मंडळीशी बोललेलं त्यात धरू नये. पण कायदा काय म्हणतो हा माझा मुद्दाच नाही. पाळक जेव्हा पक्षाचं नाव तारणाच्या ओळीत आणून ठेवतात तेव्हा ते तुमच्या आणि प्रभूच्या मध्ये एक माणूस उभा करतात, आणि तो माणूस दर दोन-चार वर्षांनी बदलतो.

उपदेश कसे बदलतात तेही पाहा. व्हर्जिनियातले बॅप्टिस्ट पाळक जेरी फॉलवेल 1965 मध्ये, नागरी हक्कांचे मोर्चे निघत होते तेव्हा, सांगत होते की पाळकांना राजकारणासाठी नाही, आत्मे जिंकण्यासाठी बोलावलेलं आहे. त्यांनीच 1979 मध्ये मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना उभारली. सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या 1971 च्या ठरावात काही परिस्थितींत गर्भपाताला कायद्यानं मुभा असावी असं म्हटलं होतं. पुढे त्यांची भूमिका अगदी उलट झाली. माणसं विचार बदलू शकतात, त्यात लाज नाही. पण शास्त्र दोन्ही वेळा तेच होतं, आणि दोन्ही वेळा ते तितक्याच ठामपणे उचलून धरलेलं होतं. दुसऱ्या बाजूचीही व्यासपीठं आहेत. निवडणुकीआधीच्या रविवारी कृष्णवर्णीय मंडळ्यांमध्ये डेमोक्रॅट उमेदवार येऊन बोलतात, अटलांटाच्या एबेनेझर चर्चचे पाळक राफेल वॉर्नॉक तर 2021 पासून सेनेटर आहेत. त्या मंडळ्यांचा इतिहास वेगळा आहे हे मी जाणते. बाकी सगळी दारं बंद होती तेव्हा चर्च हीच त्यांची शाळा, सभागृह आणि पंचायत होती. तरी 'देव आमच्या पक्षात' हे वाक्य तिथूनही आलं तर मी मानणार नाही.

ताई, या सगळ्यात मला राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन पुन्हा पुन्हा आठवतात. 4 मार्च 1865, दुसऱ्यांदा शपथ घेतानाचं छोटं भाषण. गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेत पेटलेली यादवी संपत आलेली, लाखो मेलेले. जिंकत आलेला माणूस म्हणतो, दोन्ही बाजू तेच बायबल वाचतात, त्याच देवाची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याचीच मदत मागतात. इथे थांबले असते तर ते 'दोघंही आपापल्या परीनं बरोबर' असं झालं असतं. पण पुढच्याच वाक्यात ते म्हणतात की दुसऱ्याच्या घामातून आपली भाकर काढायला न्यायी देवाची मदत मागण्याची हिंमत कुणी करावी हे विचित्र वाटतं. आणि लगेच: पण आपण न्याय करू नये, म्हणजे आपला न्याय केला जाणार नाही. गुलामगिरी चूक आहे हे ठाम सांगून झालं, आणि मग यादवी ही देवाची शिक्षा मानून त्या शिक्षेत त्यांनी स्वतःच्या बाजूलाही, उत्तरेलाही, सामील करून घेतलं. सहा आठवड्यांत त्यांना गोळी घातली. तुमच्या पाळकांकडे आणि तुमच्या मुलीकडे यातला पहिला अर्धा भाग आहे, दुसरा नाही.

आता गर्भातली बाळं. इथे मला तुमच्यापुढे फार बोलण्याचा हक्क नाही. चोवीस आठवड्यांची, तळहाताएवढी बाळं तुम्ही हाताळता. ती माणसं आहेत हे तुम्हाला कुणी उपदेश करून सांगायला नको, आणि मुलीनं या दुःखाला मागासलेपणा म्हणू नये. त्याच वॉर्डात तुम्ही त्यांच्या आयाही पाहता. विमा नाही म्हणून सातव्या महिन्यापर्यंत डॉक्टर न पाहिलेली, बाळंतपणानंतर आठ दिवसांत कामावर गेलेली. संपूर्ण अमेरिकेत आरोग्यविमा नसलेल्यांचं प्रमाण टेक्सासमध्ये सर्वांत जास्त आहे. बाळ आणि आई हे दोन वेगळ्या पक्षांचे विषय आहेत हे राजकारणानं ठरवलं, तुमच्या वॉर्डानं नाही. अमेरिकेतले कॅथलिक बिशप गर्भपाताचे कट्टर विरोधक. त्याच बिशपांनी नोव्हेंबर 2025 मध्ये बाल्टिमोरच्या बैठकीत सरसकट हद्दपारीविरुद्ध निवेदन काढलं. ज्यांना जीव पवित्र वाटतो त्यांना कुठल्याच पक्षाचा अंगरखा नीट बसत नाही. तुम्हाला अवघडल्यासारखं होतंय, ते तुमचा विश्वास जागा आहे म्हणून.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त बोचलं ते पाळकांचं राजकारण नाही. ती किल्ली. शाळा, दवाखाने, चर्च अशा ठिकाणी सहसा धरपकड करायची नाही असा जुना दंडक होता, तो जानेवारी 2025 मध्ये काढून टाकला. तेव्हापासून तुमच्या मंडळीतल्या एका बहिणीला देवाच्या घरात बसायची भीती वाटते, आणि त्याच घरात तिचं नाव घेतलं जात नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिलं ते आठ गोऱ्या धर्मगुरूंना. ती दुष्ट माणसं नव्हती, वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलनाला 'जरा थांबा' एवढंच म्हणत होती. थांबायला सांगणाऱ्याला थांबण्याचा खर्च द्यावा लागत नाही.

म्हणून चर्च सोडायच्या आधी एक करा. मत्तयाच्या 18 व्या अध्यायातली रीत धरा, एकट्या पाळकांकडे जा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, चारचौघांत नको. पक्षाबद्दल बोलू नका, त्यात ते तुम्हाला हरवतील. किल्ली टेबलावर ठेवा आणि सांगा ती कुणाची आहे. (बाईचं नाव, पत्ता सांगू नका, तिला विचारल्याशिवाय मुळीच नाही.) येत्या रविवारी भीतीनं न येणाऱ्यांसाठी प्रार्थना कराल का, एवढंच विचारा. त्यांनी केली तर त्या मंडळीत अजून जीव आहे, थांबा. नाही म्हणाले तर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे अशा एकाला घेऊन पुन्हा जा. आणि व्यासपीठावरून त्या लोकांची टिंगल सुरू झाली, त्यांना शिव्या दिल्या गेल्या, तर मात्र मी तुम्हाला तिथे बसून राहा म्हणणार नाही. तीन आठवडे तुमच्या दारात डबे आणणारी माणसं खरी आहेत. त्यांच्यापैकी दोघींना तरी त्या बाईच्या घरी डबा घेऊन न्या. उपदेशानं होत नाही ते पुष्कळदा अशानं होतं. निवडणूक होईपर्यंत चर्च सोडण्याचा निर्णय घेऊ नका, या दिवसांत सगळ्यांचीच डोकी तापलेली असतात.

मुलीचं. 1977 च्या निवडणुकीत माझे वडील काँग्रेसचे आणि भाऊ जनता पक्षाचा. मतदानानंतर दोघं बोलायचे थांबले. दीड वर्षानं वडील गेले, तोवर बोलले नव्हते. भाऊ आज सत्तरीच्या पुढे आहे. त्या निवडणुकीत कोण बरोबर होतं यावर तो अजून ठाम आहे, आणि त्या दीड वर्षाबद्दल अजून रडतो. तुमच्या मुलीचा राग न्यायासाठी आहे आणि तो तिला तुमच्याच घरातून मिळाला, रात्रपाळी करून आलेल्या आईकडे पाहून. पण आईच्या विश्वासाचा निकाल देणं हे तिचं काम नाही. तिला तसं सांगा, एकदाच, शांतपणे. मग वाद घालू नका. तुम्ही कुणाला मत दिलं हे तिला सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. पाळकांनाही नाही. मतदान गुप्त आहे ते याचसाठी.

तिच्याशी बोलायला विषय हवा ना? मतपत्रिकाच घ्या. यंदा राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नाही, पण टेक्सासची मतपत्रिका लांबलचक असते: सेनेट, काँग्रेस, गव्हर्नर, राज्याचं विधिमंडळ, काउंटी (म्हणजे जिल्हा), आणि पानं भरून न्यायाधीश. एक बटण दाबून सगळं एकाच पक्षाला देण्याची सोय टेक्सासनं 2020 पासून बंद केली. प्रत्येक नावापुढे तुम्हाला थांबावंच लागणार. मला हे फार बरं वाटतं. घरभाडं थकलेल्या बाईचा खटला कुणापुढे चालेल, किरकोळ गुन्ह्यात पकडलेल्या पोराचा जामीन कोण ठरवेल, ते या खालच्या ओळींत ठरतं, आणि पाळक त्यांच्यावर कधी बोलत नाहीत. 2023 मध्ये टेक्सासच्या विधिमंडळानं गरीब बाळंतिणींचा सरकारी विमा बाळंतपणानंतर बारा महिन्यांपर्यंत वाढवला, दोन्ही पक्षांच्या मतांनी. तुमच्या वॉर्डातल्या आयांना त्याचा उपयोग झाला असेल. कुणी बाजूनं हात वर केला, कुणी विरोधात, हे नोंदलेलं असतं. तिथून सुरुवात करा.

काउंटीच्या संकेतस्थळावर मतपत्रिकेचा नमुना मिळतो. लीग ऑफ विमेन व्होटर्स ही जुनी संस्था उमेदवारांना प्रश्न विचारून त्यांची उत्तरं छापते, कुणाचा प्रचार करत नाही. मतदान केंद्रात फोन वापरता येत नाही, पण हातानं लिहिलेला कागद नेता येतो. ओळखपत्र विसरू नका. नमुन्याच्या दोन प्रती काढा. एक ऑस्टिनला पाठवा आणि लिहा की तुमच्या काउंटीतल्या एवढ्या न्यायाधीशांची माहिती तुम्हाला एकटीला जमणार नाही, तिनं शोधून द्यावी. ती अभ्यासात तुमच्याहून वेगवान असणार. कोणता न्यायाधीश बरा यावर तुमचं पटेल, कदाचित नाही पटणार. पण त्या निमित्तानं फोन होतील.

आणि थँक्सगिव्हिंगला त्या होंडुरासच्या बाईला आणि तिच्या मुलाला जेवायला बोलवा. मुलीला सांगा की ती दोघं येणार आहेत, आणि मदतीला हात कमी पडतो.